हळदीचं पाणी

आमच्या ट्रकच्या तोंडावर चांदणी होती. गोल कड्यात बसवलेली, तीन टोकांची. गाडी वाड्यासमोर उभी राहिली की गल्लीतली पोरं त्या चांदणीवरून हात फिरवायची. आण्णा रोज सकाळी फडक्यानं तिला पुसायचे. टायर गुळगुळीत झाले तरी चालतील, पण चांदणी चकाकली पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

ही चांदणी जर्मनीची. 1954 साली टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. 1969 साली करार संपला. पुढं चांदणी गेली नि तिच्या जागी इंग्रजी 'टी' आला. त्यामुळं चांदणीची गाडी म्हटली की ती जुनी, हे गॅरेजमधलं बारकं पोरगंसुद्धा सांगायचं. आमची 1967 ची. आण्णांनी ती 1979 साली तिसऱ्या हातानं घेतली. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि आईच्या पाटल्या मोडल्या. ड्रायव्हर लोक तिला 'बारा-दहा' म्हणत. बारा म्हणजे मालासकट गाडीचं अंदाजे बारा टन वजन आणि दहा म्हणजे शंभराच्या वर घोडे. इंजिन सहा सिलिंडरचं. सकाळी पहिल्या धक्क्याला खोकायचं, मग एकदा लागलं की दिवसभर एका सुरात.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठावरचं. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कृष्णाकाठही उसानं भरून गेला. आधी ऊस बैलगाडीनं जायचा. लांबच्या शिवारातला ऊस वेळेत पोचेना, तेव्हा ट्रक आले. ट्रक आला की गावात तीन माणसं नवी तयार व्हायची. मालक, ड्रायव्हर आणि किन्नर. जमीन एकाची, राबणार दुसरा, हे गावाला ठाऊक होतं. पण ज्या वस्तूत घराची सगळी पुंजी अडकलीय ती वस्तू रात्रंदिवस दुसऱ्याच्या हातात, आणि आपण घरी, हे नवं होतं. त्यातून एक संशय जन्माला आला. तो प्रत्येक ट्रकमालकाच्या घरात असायचा. आमच्याही होता.

आमच्या ड्रायव्हरांना आम्ही पोरं मामा म्हणायचो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं त्याच पंचक्रोशीत आहेत. मामा बोलायला कमी. इंजिन बंद केल्यावर लगेच उतरायचे नाहीत, घटकाभर बसून ऐकत राहायचे. मी एकदा विचारलं, "मामा, बंद पडल्यावर काय ऐकताय?" तर म्हणाले, "ते बी बोलतंय की. तापल्यालं लोखंड थंड हुताना टिकटिकतंय. येगळं टिकटिकलं की समजायचं."

ही गोष्ट 1983-84 च्या गळीत हंगामातली, संक्रांतीच्या आधीची. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो.

त्या काळी आमच्याकडं कूलंट हा शब्द कुणी ऐकला नव्हता. इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, एवढंच. ते पाणी जवळच्या विहिरीचं. आणि आमच्या विहिरींचं पाणी जड. उसाला पाणी पाजून पाजून काठच्या काळ्या जमिनी क्षारपड व्हायला लागल्या होत्या, उन्हाळ्यात वावरावर पांढरी पापडी धरायची. चहाच्या पातेल्याला जसा खार चढतो तसा तो इंजिनच्या पोटात चढत होता, पण पातेलं रोज दिसतं, इंजिनचं पोट दिसत नाही. त्यात आणखी एक पद्धत होती. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. तो काढला की थंडीत इंजिन नीट तापायचंच नाही. ही दोन्ही पापं आमच्या गाडीत आम्ही घ्यायच्या आधीपासून होती.

डिसेंबर सरता सरता एका संध्याकाळी आण्णा ओसरीवर चहा पीत होते. मी शेजारी गणितं सोडवत होतो. मामा आले नि पायरीशी उभे राहिले.

"मालक, पाणी कमी व्हतंय. दोन दिसाआड बादली जातीय. खाली गळताना दिसत न्हाई."

"रेडिएटर ठिबकत असंल."

"थोडा ठिबकतोय. पर एवढं न्हाई. एकदा हेड उघडून बघू या का?"

आण्णांनी बशी खाली ठेवली. "ऐन हंगामात हेड? मुकादमाची टोळी बसवून ठेवू काय? पाणी घाल नि फेऱ्या मार. पट्टा पडल्यावर बघू."

मामा "बरं" म्हणून गेले. हे बोलणं मी ऐकलं. आमच्या तिघांशिवाय तिथं कुणी नव्हतं.

दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी मामा मागच्या दाराशी आले आणि मला म्हणाले, "आईकडनं मूठभर हळद आण रं." रेडिएटर बारीक ठिबकत असेल तर पाण्यात हळद टाकायची, ती बारीक फटीत जाऊन बसते, हा सगळ्या रस्त्यांवरचा जुना तोडगा. सांगलीच्या हळदीच्या मुलखात तर हळदीला तोटा नाही. आमच्याही घरात डबा भरलेला असायचा. मी वाटीभर आणून दिली. त्यांनी ती तांब्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतली आणि गाडी कारखान्याकडं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दोरखंडानं ओढून आणली. कारखान्याच्या नंबरात असतानाच ऑइलच्या काट्यानं मान टाकली होती. मामांनी तिथंच इंजिन बंद केलं नि पुन्हा चालू केलं नाही. त्या एका गोष्टीनं आमचा क्रँक वाचला, हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र वाड्यासमोर माणसं जमली. कुणीतरी इंजिनची ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, नि रंग दुधाच्या चहाचा. वरचं झाकण काढलं तर आत लोण्यासारखी साय.

जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "आण्णा, ह्येच्यात पाणी घातलंय. ऑइल इकलं नि लेव्हल भरली."

त्या काळात ही गोष्ट अनेक मालकांच्या तोंडी असायची. ऑइल महाग आणि ड्रायव्हरचा पगार तुटपुंजा. आण्णांच्या डोक्यात ते वाक्य काडीसारखं पेटलं. त्यांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, "डबा कुठं इकलास?"

मामा पांढरे पडले. म्हणाले, "मालक, मी सांगितलं व्हतं. पाणी कमी व्हतंय म्हणून सांगितलं व्हतं तुमास्नी."

"कधी सांगितलंस? कुणासमोर?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. मी मान खाली घातली आणि चप्पलचा अंगठा दाबत राहिलो. आण्णांना भर गल्लीत खोटं पाडायचं धाडस माझ्यात नव्हतं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, गाडीतली आपली वळकटी काढली आणि चालू लागले. महिन्याचा पगार अडकवून ठेवला. लोक म्हणाले, बरं केलंत.

तिसऱ्या दिवशी मिरजेहून मिस्त्री आले. त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेले, अंगावर ऑइलनं काळी पडलेली खाकी, बंडीच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी. आल्या आल्या त्यांनी इंजिनला हात लावला नाही. म्हणाले, "डायवर कुठाय?"

"हाकलला," आण्णा म्हणाले. "पाणी घातलं त्यानं ऑइलात."

"आजारी माणसाला सोडून डॉक्टर शेजाऱ्याला इचारत न्हाई, आण्णा. आता मला गाडीलाच इचारावं लागंल. येळ लागंल."

मग त्यांनी जे केलं ते मी दिवसभर शेजारी बसून बघितलं. जुन्या गाडीच्या ऑइलात पाणी कुठून आलं हे ओळखायची ती रीत आजही तीच आहे, फक्त हत्यारं बदललीत.

आधी त्यांनी पट्टी काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं नि वास घेतला. म्हणाले, "लेव्हल आपोआप चढली तर दोनच गोष्टी. एकतर डिझेल उतरतंय, न्हाईतर पाणी. डिझेल असंल तर ऑइल पातळ हुतं, वास मारतं, पर काळंच ऱ्हातं. पांढरं झालं म्हंजे पाणी."

मग झाकणाची साय दाखवून मला म्हणाले, "ही साय बघून घाबरायचं न्हाई. थंडीत घाम येतो इंजनाला. कारखान्याच्या नंबरात रातभर गाडी पाच पावलं सरकती नि बंद हुती, इंजन तापतच न्हाई. वाफ धरती नि झाकणाला साय येती. पर घाम आसंल तर साय झाकणापाशीच, खाली पट्टीवर ऑइल काळं. लेव्हल चढत न्हाई नि रेडिएटर उतरत न्हाई. हितं तिन्ही झालंय."

थर्मोस्टॅट नसलेल्या आमच्या गाडीला दर हिवाळ्यात तो घाम यायचा. म्हणूनच की काय, यंदाची साय वेगळी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या सोडून.

वस्तादांनी आईकडून स्टोव्ह आणि जुनी लोखंडी पळी मागून घेतली. पळी चांगली तापवली. तिच्यावर आधी डब्यातल्या कोऱ्या ऑइलचा थेंब टाकला. नुसता धूर निघाला. मग इंजिनातल्या ऑइलचा थेंब टाकला. मोहरी फोडणीला पडावी तसा तो तडतडला. आई दारातून बघत होती, म्हणाली, "अगं बाई." तेलात पाणी पडलं की तडतडतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पाणी आहे हे ठरलं. आण्णा म्हणाले, "मग मी तरी काय म्हणतोय?"

वस्ताद काही बोलले नाहीत. गाडी दोन दिवस जागची हलली नव्हती. त्यांनी खाली सरकून चेंबरचा बोल्ट अगदी थोडा सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड, उभ्या गाडीत ते सावकाश तळाला बसतं. जे दुधात मिसळल्यासारखं मिसळलं ते सुटं होत नाही, पण फार पाणी असलं तर तळाला सापडतंच. आधी धार आली ती पाण्याची. त्यांनी ती काचेच्या बाटलीत धरली, पाव बाटली भरली. मग लोण्यासारखं ऑइल आलं तसा बोल्ट आवळला. बाटली उन्हात धरली. पाणी गढूळ होतं नि त्याला पिवळसर झाक होती.

"आण्णा, तुमच्या हिरीचं पाणी पिवळं हाय काय?"

"न्हाई."

त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून आत बोट बुडवलं. बोट पिवळं झालं. "ह्येच्यात हळद कुणी टाकली?"

तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मामांनी. मीच आणून दिली होती. गाडी बंद पडायच्या आदल्या संध्याकाळी."

वस्तादांनी आईकडून धुवट पांढऱ्या धोतराचं फडकं मागितलं. त्याचे तीन तुकडे केले. एकावर विहिरीचं पाणी गाळलं, एकावर रेडिएटरचं, एकावर चेंबरमधलं. पहिला तुकडा पांढरा राहिला. दुसरा पिवळा झाला. तिसऱ्यावर ऑइलचा डाग पडला, पण डागाच्या कडेला पिवळी रेघ उमटली. मग त्यांनी खिशातली डबी काढली आणि बोटानं चुना घेऊन तिन्ही तुकड्यांवर ओढला. पहिल्यावर काही झालं नाही. दुसरा लालबुंद झाला. तिसऱ्याची पिवळी रेघ तांबूस झाली.

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो. हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. वस्तादांना ते इंजिनपाशी आठवलं, एवढंच. चेंबरमधलं पाणी हे रेडिएटरचं पाणी होतं. डबा विकून विहिरीचं पाणी ओतणाऱ्याच्या पाण्याला हळद नसती लागली.

आण्णा लगेच मानणारे नव्हते. म्हणाले, "रेडिएटरचंच काढून वतलं असंल."

वस्ताद हसले. "बरं. मग वाट दाखवतो. आपसूक आलं असंल तर वाट असणारच."

दुपारभर त्यांनी गाडीखाली पडून चेंबर उतरवला. इंजिनच्या उघड्या पोटाखाली वर्तमानपत्र पसरलं. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झाकणाच्या जागी सायकलच्या ट्यूबची व्हॉल्व्ह बसवलेली एक जुनी टोपी घातली आणि मला सायकलचा पंप दिला. "सावकाश मार. पाच-सात पौंडाच्या वर न्हाई. जास्त मारलीस तर रेडिएटरच फुटंल." गाडी तापली की आत जेवढा दाब येतो तेवढाच दाब थंड गाडीत द्यायचा आणि थेंब कुठं पडतो ते बघत बसायचं.

मी पंप मारला. वस्ताद विजेरी घेऊन खाली आडवे झाले. बराच वेळ काही झालं नाही. आण्णा फेऱ्या घालत होते. मग वर्तमानपत्रावर टप् असा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा. वस्ताद खालूनच ओरडले, "चार नि पाचच्या मधी! पुशरॉडच्या बाजूनं येतंय. आण्णा, या, बघा."

आण्णा पांढरं धोतर नेसलेले, तसेच जमिनीवर पालथे झाले आणि गाडीखाली गेले. त्यांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही गाडीखाली गेलेलं बघितलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर एक थेंब पडलेला होता, पिवळट.

संध्याकाळी हेड उतरलं. हेड नि ब्लॉक यांच्या मध्ये जी गॅस्केट असते तिला तीन शेजारी सांभाळावे लागतात. सिलिंडरमधला जाळ, थंडाव्याचं पाणी आणि पुशरॉडच्या भोकांतून खाली उतरणारं ऑइल. एकेका शेजाऱ्यामध्ये बोटाएवढीच भिंत. आमच्या गाडीत पाण्याच्या भोकाची कड खारानं खाल्ली होती. ती हळूहळू कुरतडत चौथ्या नि पाचव्या सिलिंडरच्या मधल्या पुशरॉडच्या भोकापर्यंत पोचली होती. एका दिवसात होणारं ते काम नव्हतं. वस्तादांनी गॅस्केट आण्णांच्या हातात दिली. "ह्यो महिन्याभराचा खेळ हाय. आधी थेंब थेंब, मग धार. पंधरा दिस आधी उघडलं असतं तर एका गॅस्केटवर भागलं असतं."

आता मात्र बेअरिंग गेली होती. ऑइलची जी पातळ साय लोखंडाला लोखंडापासून वेगळं ठेवते, ती पाणी मिसळलं की टिकत नाही. बेअरिंगवरचा पांढरा थर घासून खालचा तांब्याचा रंग दिसत होता. हेड फेसिंगला मिरजेला पाठवलं, तिथं ते गरम पाण्याच्या दाबाखाली धरून चीर नाही ना हेही बघून घेतलं. हेडला चीर गेलेली असली तर नवी गॅस्केट घालून उपयोग नसतो. आमचं हेड वाकलं होतं, फुटलं नव्हतं. गाडी अकरा दिवस उभी राहिली.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "आण्णा, मामांनी तुम्हाला खरंच सांगितलं होतं. मी होतो तिथं."

आण्णा म्हणाले, "मला ठाऊक हाय."

एवढंच. ते विसरले नव्हते. मला तोवर वाटत होतं की त्यांना आठवत नसेल. आणि माझ्या साक्षीची गरज संपल्यावर मी साक्ष दिली, हे त्यांच्याही ध्यानात आलं असणार.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आण्णा मला घेऊन मामांच्या वस्तीवर गेले. खिशात पगार होता. मामा दारात बाजेवर बसले होते, आम्हाला बघून उठले, घोंगडं अंथरलं. आण्णांनी पैसे पुढं केले. मामांनी मोजले नाहीत, बायकोच्या हातात दिले. मग विचारलं, "कितव्या नंबरला गेलं व्हतं, मालक?"

"चार नि पाचच्या मधी."

"व्हय. तिकडंच आवाज बदलला व्हता."

मामींनी चहा आणला आणि वाटीत तिळगूळ. रिवाज म्हणून त्या म्हणाल्या, "गोड बोला." आण्णांनी तिळगूळ घेतला, पण त्यांच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी म्हणाले, "सोमवारी गाडी तयार हुईल."

मामा म्हणाले, "मी पलीकडच्या गावात एका मालकाला शब्द दिलाय." रागानं नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. निघताना त्यांनी माझ्या हातावरही तिळगूळ ठेवला. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. मी बोलायला हवं होतं. तेव्हाही बोललो नाही.

पुढं पुण्यात शिकत असताना एका नातेवाइकाबरोबर घोरपडीच्या रेल्वे डिझेल शेडमध्ये जायचा योग आला. तिथं सोळा सिलिंडरची, दोन हजार सहाशे घोड्यांची इंजिनं ओळीनं उभी होती. शेडच्या प्रयोगशाळेत प्रत्येक इंजिनच्या ऑइलच्या बाटल्या, त्यांवर तारखा. तिथल्या केमिस्टनी सांगितलं की ऑइलचा नमुना विजेच्या ठिणगीत जाळतात आणि त्या उजेडातल्या रेषांवरून कोणता धातू किती झिजला ते वाचतात. ही विद्या रेल्वेतच वाढली. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँडे वेस्टर्न या रेल्वेनं 1940 च्या दशकात ती डिझेल इंजिनांसाठी वापरायला सुरुवात केली. मी विचारलं, "आणि पाणी शिरलं तर?" ते म्हणाले, "थंडाव्याच्या पाण्यात आम्ही गंज धरू नये म्हणून औषध घालतो. त्यात सोडियम, बोरॉन अशी द्रव्यं असतात. पाणी उडून जातं, पण ही ऑइलात मागं राहतात. ती वाढली की समजायचं, पाणी आत येतंय. डोळ्याला काही दिसायच्या कितीतरी आधी."

मला धोतराचे तीन तुकडे आठवले. पाण्याला आधी काहीतरी खूण लावायची, मग ती खूण दुसरीकडं सापडते का ते बघायचं. मामांनी न कळत खूण लावली होती नि वस्तादांनी ती वाचली होती.

आता गावातल्या गाड्यांमध्येही हिरवं-गुलाबी कूलंट असतं. त्यानं खार धरत नाही, हे चांगलं. पण ते ऑइलात शिरलं तर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट. पाणी इंजिन तापल्यावर थोडंफार उडून तरी जातं. कूलंटमधलं ग्लायकॉल तसं उडत नाही. ते ऑइलशी मिळून चिकट काळा गाळ करतं आणि बारीक वाटा बुजवतं. त्याला गोडसर वास येतो. काही जुने मिस्त्री जिभेला लावून बघायचे. तसं कुणी करू नये, ते विष आहे. बाकी क्रम तोच. पट्टीवर लेव्हल चढली का, रेडिएटर उतरतोय का, झाकणाची साय खाली पट्टीपर्यंत पोचली का. तिन्ही एकदम घडलं तर इंजिन पुन्हा चालू करायचं नाही. मामांनी केलं तसं, जिथल्या तिथं बंद.

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. ट्रक 1991 साली भंगारात गेला. चांदणी आण्णांनी काढून ठेवली होती, ती घरात आहे. तिच्याबरोबर गाडीच्या हिशेबाची वही आहे. लाल कापडाची, लांबट. 1984 च्या जानेवारीपर्यंत तिच्यात चार रकाने आहेत. तारीख, फेरी, डिझेल, ऑइल. मग अकरा दिवसांची कोरी जागा. त्याच्या वर एक ओळ, आण्णांच्या हातची: ड्रायव्हर, पगार पूर्ण दिला. कारण लिहिलेलं नाही. आणि कोऱ्या जागेनंतर, नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या दिवसापासून, वहीत पाचवा रकाना सुरू होतो. पाणी किती घातलं. त्याच्यापुढं रोज ड्रायव्हरची सही आहे आणि तिच्या खाली आण्णांची.